दोन नळ्या, एकच चर

ताई, तुमी म्हन्ले पयल्यापासून सांगा, तर पयल्यापासूनच सांगते. पन बोलता बोलता माझा आवाज चढंल, तवा घाबरू नका, तुमच्यावर न्हाई तो. मी सुमन. जन्म औसा तालुक्यातल्या एका खेड्यातला, दगडामातीची घरं, भिंती एवढाल्या रुंद की वर मानूस आडवा झोपावा. बाप दुसऱ्याच्या शेतात सालानं राहायचा, माय खुरपायला जायची, धाकटा भाऊ होता, अन् मी चौथीत होते. अन् मंग ती पहाट झाली. भूकंपाचं मी लई सांगत न्हाई, लोकांनी लई सांगून ठेवलंय, क्यामेरेवाल्यांनी तर आमाला रडायला लावू लावू सांगून घेतलं. आमच्या घरातून बाप अन् मी निघालो. माय अन् भाऊ न्हाई निघाले. एवढंच.

पन त्याच्या मागचं सांगते, कारन माझा राग तिथून हाय. कागद घेऊन मानसं आली, कोन मेलं कोन जगलं लिवून घेऊन राहिली होती, चांगली मानसं होती ती, जेवन बी देत होती, पन त्या गडबडीत कोनीतरी माझं नाव मेलेल्यांच्या यादीत टाकलं अन् माईचं जित्यांच्या. बाप मला हाताला धरून घेऊन जायचा, म्हनायचा साहेब ही बगा पोरगी, ही उभी हाय तुमच्यासमोर, अन् साहेब कागदाकडं बघायचा, माझ्याकडं बघायचाच न्हाई, म्हनायचा वरून दुरुस्त होऊन येईल. दोन वर्सं लागली ताई. दोन वर्सं मी पत्र्याच्या शेडात राहून, भाकरी थापून, पानी भरून मेलेली होते. मास्तर म्हन्ले बसू द्या वर्गात, पन पटावर नाव घेता येत न्हाई. अन् नाव दुरुस्त होऊन आलं तवर मी बापासंग नव्या घरांच्या बांधकामावर विटा उचलून राहिले होते. शाळा गेली ती गेलीच. मला वाचता येतं, लिवता येतं, आकडे तर पक्के येतात, पन सही करायच्या आधी कागद मी तीनदा वाचते. ती सवय तिथली.

लगीन झालं चाकूरकडं. नवरा दिगंबर, चर खांदनाऱ्या टोळीतला. सडकंच्या कडंला लांबच लांब चर खांदायचा, त्यात प्लास्टिकची नळी टाकायची, नळीतून तार जाती, वरून माती लोटायची, झालं. मानसं मोटारीतून जातात, त्यांना वाटतं मोबाईल हवेतून चालतो, नेट हवेतून येतं. काय हवेतून येत न्हाई. कोनीतरी कंबरंएवढ्या चरात उतरून खांदलेलं असतं, उन्हात, काळा पत्थर लागला की पहारीनं, दिवसाला अमुक हात झालाच पायजे म्हून. मी बी त्याच टोळीत. लातूर ते चाकूर, चाकूर ते अहमदपूर, उदगीरची सडक, औश्याची सडक, कुठं कोनती नळी किती खोल हाय ते मला डोळे झाकून सांगता येतं. नकाशात बघून न्हाई, खांद्यानं माहीत हाय.

ह्या कामात मला हबीबचाचा भेटले. चाचा लातूरचे, जुन्या गावातले, तीन पिढ्यांचं त्यांच्या घरी घड्याळं दुरुस्त करायचं काम, पन चाचा तरुनपनी टेलिफोनात लागले, अन् तिथं तारा जोडू जोडू म्हातारे झाले. रिटायर झाल्यावर गुत्तेदाराकडं रोजानं यायचे, जोड मारायला. ही जी नवी तार हाय ना, तांब्याची न्हाई, काचंची, केसावानी बारीक. तुटली की तिची दोन टोकं साफ करायची, सरळ कापायची, मशीनमधी समोरासमोर ठिवायची, मशीन बारीक ठिनगी देतं अन् दोन्ही टोकं वितळून एक व्हतात. जरा तिरपं कापलं, जरा धूळ बसली की गेलं. चाचाचा हात थरथरू लागला होता. एक दिवस मी चरातून वर आले, पानी प्यायला, तर चाचा म्हन्ले, पोरी, तुला सुई ओवता येती का. म्हन्लं येती. म्हन्ले ये, बस इथं, हात धू, पदर बांध.

असं शिकले मी. दोन उन्हाळे चाचाच्या बाजूला बसून. टोळीतल्या बाया हसायच्या, म्हनायच्या सुमन आता साहेबीन झाली. गुत्तेदाराला काय, रोज बाईचा द्यायचा अन् काम कारागिराचं व्हायचं, तो खुश. चाचा मात्र रागवायचे. म्हनायचे, सुमन, जोड मातीखाली जातो, कोनी बघायला येत न्हाई, म्हून त्याच्यात हयगय करायची न्हाई. मी कधी केली न्हाई. आजवर माझा एक जोड परत आलेला न्हाई, हे मी चारचौघांत सांगते, अन् हे का सांगून राहिले ते पुढं कळंल.

आता लातूरचं तुमाला काय सांगू, तुमी बघताच. भूकंपानंतर जिथं पत्र्याचे शेड होते तिथं क्लासच्या इमारती झाल्या. गल्लीगल्लीत मेस, गल्लीगल्लीत होस्टेल, भिंतीभिंतीवर डॉक्टर झालेल्या लेकरांचे फोटो. त्यातल्या एका क्लासचे सर होते, जळकोटच्या बाजूचे, शेतकऱ्याचेच, सुरवातीला दहा पोरं घेऊन शिकवायचे, नंतर लातुरात तीन इमारती अन् नांदेडला एक मोठी शाखा. नाव सांगत न्हाई, सगळ्यांना ठावं हाय अन् मला कज्जा न्हाई करायचा. सरांना असं पायजे होतं की लातुरात एका वर्गात शिकवलं की नांदेडच्या वर्गात त्याच घडीला पडद्यावर दिसावं, पोरानं तिथून हात वर केला की इथं दिसावा, अन् परीक्षा दोन्हीकडची एकाच कॉम्प्युटरवरून व्हावी. त्यासाठी एक कंपनी आली. कंपनीचा साहेब पुन्याचा, तरना, बोलायला गोड.

पयल्या दिवशी त्यानं आमालाच समजावून सांगितलं, मला ते आवडलं होतं, खोटं कामून बोलू. म्हन्ला, आधी दोन गावांतली हापिसं जोडायची तर टेलिफोनच्या रीतीची लाईन घ्यावी लागायची, दोन्ही टोकाला निराळं मशीन, मधी एकाची बोली दुसऱ्याला समजावून सांगायला अजून एक मशीन, अन् जास्ती वेग पायजे म्हन्लं की सगळं बदला, महिनोन्महिने थांबा. ही इथरनेटची लाईन तशी न्हाई. हापिसात दोन कॉम्प्युटरला जोडती ती निळी वायर तुमी बघितली का, टोकाला पारदर्शक चिमटा असतो, खट्‌कन बसतो, तीच रीत हाय. त्याच बोलीत लातूर बोलनार अन् त्याच बोलीत नांदेड ऐकनार, मधी फक्त काचंची तार. म्हंजे दोन्ही गावं एका छपराखाली आल्यावानी. वेग वाढवायचा तर फोनवर सांगायचं, त्याच दिवशी वाढंल. मी चरात काम करनारी बाई, पन मला ते झटक्यात कळलं. मी मनात म्हन्लं, बरंय, बिलोलीचं देगलूरचं लेकरू एवढ्या लांब लातूरला खोली करून राहनार न्हाई, नांदेडला बसून शिकंल.

अन् मंग नकाशा दाखवला. सरांच्या हापिसात, मोठ्या टेबलावर. लाल रेघ लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. हिरवी रेघ लातूर, उदगीर, जळकोट, कंधार, नांदेड. साहेब सरांना म्हन्ला, सर, एक लाईन तुटली तर पापनी लवायच्या आत सगळं दुसरीवरून जाईल, पोरांना कळनार बी न्हाई. दोन निराळ्या सडका, दोन निराळ्या लाईनी. सर खुश झाले, जळकोटावर बोट ठिवून म्हन्ले, हे आमचं गाव. अन् दस्तखत झाली.

आता ऐका. लाल रेघंचं काम आमच्या टोळीनं केलं. चाकूरच्या पुढं एक दिवस ट्रकमधून दोन रंगांच्या नळ्या उतरल्या. एक केशरी, एक निळी. मी गुत्तेदाराला विचारलं, दोन कामून. तो म्हन्ला, टाका दोन्ही. मी म्हन्लं एकाच चरात? म्हन्ला जळकोटकडं पत्थर लई हाय, परवानगी अडकलीय, तारीख जवळ आली, तात्पुरतं हाय, पुढच्या वर्सी निळी तिकडून फिरवू. मी दिगंबरकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं, अन् आमी टाकल्या. चाकूरपासून पार नांदेडच्या येशीपर्यंत, एका चरात, हातभर अंतरावर बी न्हाई, दोघी बहिनी झोपल्यावानी. अन् जोड मारायची येळ आली तवा निळ्या नळीतल्या तारंचे जोड ज्यात ठिवतात त्या खोक्यावर लावायला साहेबानं छापलेल्या पट्ट्या दिल्या, मी वाचल्या, पट्टीवर लिवलेलं, जळकोट मार्ग. लोह्याच्या सडकंला बसून मी माझ्या हातानं जळकोट मार्गाची पट्टी बांधली. तवा मी का बोलले न्हाई, हे तुमी विचारा, मी बी सोताला विचारते. रोजगार जाईल म्हून बोलले न्हाई. त्यांच्यावर जेवढा राग हाय ना, त्यातला थोडा मपल्यावर बी हाय.

दीड वर्स चांगलं चाललं. मंग सरांनी मोठी परीक्षा ठेवली. ज्या लेकरांची ऐपत न्हाई त्यांच्यासाठी, पयले येतील त्यांना दोन वर्सं शिकवनं फुकट, राहनं फुकट, खानं फुकट. लातूर अन् नांदेड दोन्हीकडं एकाच येळी, कॉम्प्युटरवर. खेड्यापाड्यातून लेकरं आली. कंपनीनं मला नांदेडला पाठवलं, म्हन्ले काही झालं तर हाताशी असावं, तपासायचं मशीन देऊन बसवलं मला शाखंच्या व्हरांड्यात. तिथं एक पोरगी भेटली. तबस्सुम. बिलोलीची, बाप टेलर, पयल्या एसटीनं बापासंगच आलेली. खालच्या पायरीवर बसून डब्यातली पोळी खात होती, मला म्हन्ली मावशी तुमी बी परीक्षेला आल्या का. मी हसले. तिच्या बापानं मला विचारलं, बाई, कॉम्प्युटर मधीच बंद पडला तर कसं. मी म्हन्लं भाऊ, दोन लाईनी हायेत. हे माझ्या तोंडातून निघालं ताई. मला ठावं असून निघालं.

दहाला सुरू झाली. वीस मिनिटं झाली असतील, आत खुर्च्यांचा आवाज झाला. पडदे जागच्या जागी थिजले. आतले मास्तर बाहेर पळत आले. मी मशीन लावलं. हे मशीन तारंत उजेड सोडतं, अन् जिथं तार तुटली तिथून उजेड माघारी येतो, त्यावरून किती अंतरावर तुटली ते कळतं. लाल लाईनीला लावलं. एकोनपन्नास किलोमीटर अन् वर थोडं. म्हंजे लोह्याच्या पुढं, सडक रुंद करायचं काम चालू होतं तिथं. मंग दुसऱ्या लाईनीला लावलं, जी जळकोटवरून येती म्हनतात. एकोनपन्नास अन् वर थोडं. तोच आकडा. जेसीबीच्या एका घासात दोन्ही.

मी साहेबाला फोन केला, म्हन्लं दोन्हीवर एकच आकडा दिसून राहिला. त्यानं आकडा पुन्हा सांगायला लावला. मंग म्हन्ला, सुमनबाई, तुमी मशीन बंद करून ठेवा, कोनाशी बोलू नका. मी बंद केलं, पन त्याच्या आधी दोन्ही आकडे मपल्या वहीत लिवून घेतले.

अन् लेकरं तशीच बसून होती. चार तास. कोनी त्यांना उठा म्हन्लं न्हाई, घरी जा म्हन्लं न्हाई, पानी बी कोनी विचारलं न्हाई, मी अन् तिथली शिपाईन दोघींनी बादलीनं पानी नेलं. तबस्सुम कॉम्प्युटरच्या माऊसवर हात ठिवून बसलेली, म्हन्ली मावशी, कधी येईल. हात उचलला तर माझा नंबर जाईल का, असं विचारलं तिनं. दुपारी लाईन आली तर पडद्यावर लिवलेलं, येळ संपली. लातूरच्या कॉम्प्युटरमधलं घड्याळ थांबलंच नव्हतं. ते चालू, लेकरं बंद. लातूरच्या पोरांचे पेपर पूर्न झाले, नांदेडच्यांचे सात, आठ, नऊ सवाल. तेवढेच मार्क धरले.

दोन दिवसांनी मला लातूरच्या हापिसात बोलावलं. साहेब होता, गुत्तेदार होता. टेबलावर कागद. मी तीनदा वाचला. त्यात लिवलं होतं की पयली लाईन सडकंच्या कामात तुटली, अन् दुसरी लाईन जळकोटच्या बाजूला जोड निकामी झाल्यामुळं बंद पडली, अन् तो जोड सुमन दिगंबर हिनं मारला होता अन् तिनं हयगय केल्याचं कबूल केलं हाय. खाली माझ्या सहीची जागा. मला आधी हसू आलं. म्हन्लं साहेब, मी जळकोटच्या बाजूला आजवर जोड मारलेला न्हाई. तिथं मारायला तारच न्हाई. साहेब म्हन्ला, बाई, तुमाला मशीनमधलं काय कळतं. गुत्तेदार म्हन्ला, सही कर, पोलिसात न्हाई देत तुला, दोन महिने घरी बस, पुन्हा बोलावतो. दोघंबी माझ्याकडं न बघता बोलून राहिले होते, कागदाकडं बघून. माझं टाळकं तापलं. मी कागद तसाच ठिवला अन् उठले.

घरी दिगंबर म्हन्ला, सही करून मोकळी हो, आपली सगळी टोळी त्याच्याकडं हाय, चौदा घरं हायेत. मी त्याला लई बोलले. बोलू ने ते बोलले. म्हन्लं चर तुबी खांदलास, नळ्या तुबी टाकल्यास, अन् आता तुझ्या बायकोनं हयगय केली म्हून कागदावर लिवलंय ते तुला चालतंय. तो भाकर तशीच ठिवून अंगनात जाऊन बसला.

सकाळी उठून मी साडी नेसली अन् सरांच्या हापिसाकडं निघाले, तर दिगंबर दारात उभा, खांद्यावर टिकाव अन् हातात फावडं. म्हन्ला चल. रिक्षात ते टिकाव बाहेर निघून राहिलं होतं, रिक्षावाला कुरकुर करत होता. हापिसाच्या दारावरच्या वॉचमननं अडवलं, म्हन्ला अवजारं घेऊन कुठं. मी म्हन्लं तुमच्या सरांना सांगा, त्यांची दुसरी लाईन दावायला आलेय. दोन तास उभं केलं. मंग सर सोताच खाली आले, गाडीकडं चालले होते. मी वाटंत आडवी उभी राहिले. म्हन्लं सर, माझा जोड खराब न्हाई. तुमाला दुसरी लाईन कधी दिलेलीच न्हाई. सर म्हन्ले, कंपनीनं सगळे कागद दिलेत बाई. मी म्हन्लं कागद न्हाई, जमीन बगा. तुमी गाडीत बसा, चाकूरच्या पुढं कुठंबी गाडी थांबवा, तुमाला वाटंल तिथं, आमी खांदतो. मी जागा सांगनार न्हाई, तुमी सांगायची. दोन नळ्या न्हाई निघाल्या तर त्या कागदावर तुमच्यासमोर सही करते.

सरांनी माझ्याकडं बघितलं. तेवढं मात्र खरं, त्यांनी बघितलं. म्हन्ले बसा.

आमी मागं, टिकाव पायात, सर पुढं ड्रायव्हरजवळ. चाकूर गेलं, अहमदपूर यायच्या आधी सर म्हन्ले इथं. बाभळीचं झाड होतं. दिगंबर उतरला, कडंपासून पावलं मोजली अन् टिकाव घातला. त्या दिवशी तो जसा खांदत होता तसा मी त्याला कधी बघितला न्हाई, घामानं सदरा अंगाला चिकटलेला, अन् सर बुटात धूळ घेऊन कडंला उभे. केशरी दिसली. मी खाली उतरले, हातानं माती सारली, तिच्या बाजूला निळी. सर म्हन्ले, झाका, पुढं चला. पुढं एका पुलाजवळ थांबवलं. तिथं बी दोन्ही. मंग लोह्याच्या अलीकडं एका ढाब्यासमोर, ढाब्यावरची मानसं बघायला जमली. तिथं बी दोन्ही, अन् तिथं जवळच माझा खोका होता. मी झाकन उघडलं अन् पट्टी सरांच्या हातात दिली. वाचा म्हन्लं. जळकोट मार्ग. सरांनी ती पट्टी अंगठ्यानं पुसली, पुन्हा वाचली. म्हन्ले, माझं गाव हाय जळकोट. हे कुठं जळकोट हाय. मंग मी वही काढली अन् ते दोन आकडे दाखवले, एकाखाली एक. सर गाडीच्या बोनेटवर हात ठिवून उभे राहिले, मंग साहेबाला फोन लावला अन् असं बोलले त्याला की ढाब्यावरचे लोक गप झाले. माझं काळीज थंड झालं ताई. मला वाटलं झालं, आता खरं झालं.

काय खरं झालं. आठ दिवसांत दोघांत समेट झाला. कंपनीनं सरांना लाईनीचा वेग वाढवून दिला, जळकोटची सडक खरीच खांदून देतो म्हन्ले, माझ्या नावाचा कागद फाडला. तेवढं सरांनी केलं, न्हाई म्हनत न्हाई. मी पुन्हा गेले सरांकडं, म्हन्लं सर, नांदेडच्या लेकरांची परीक्षा पुन्हा घ्या. सर म्हन्ले, सुमनबाई, निकाल लागलाय, फोटो छापून झालेत, आता पुन्हा घेतली तर लोक म्हनतील क्लासमधी घोटाळा झाला, पुढच्या बॅचला लेकरं कोन घालंल. मी म्हन्लं घोटाळा तर झालाच ना सर. ते म्हन्ले, झाला, पन माझ्याकडून न्हाई झाला. मी म्हन्लं लेकरांकडून तरी कुठं झाला. त्यावर त्यांनी घड्याळाकडं बघितलं. त्यांना वर्ग होता.

मी बिलोलीला गेले. मला कोनी पाठवलं न्हाई, मपल्या खर्चानं गेले. बाजारात टेलरचं दुकान विचारत विचारत. तबस्सुमचा बाप मशीनवर बसलेला, पोरगी बाजूला काज करत होती, शाळंचा युनिफॉर्म शिवायचा सीझन होता. मी म्हन्लं भाऊ, तुमची पोरगी नापास न्हाई झाली, तार नापास झाली, अन् मला ठावं असून मी तुमाला दोन लाईनी हायेत म्हन्ले. सगळं सांगितलं, चराचं, नळ्यांचं. बापानं पाय थांबवला, मशीन बंद केलं. म्हन्ला, बहन, ते सगळे मोठे लोक, कोनी आमाला सांगायला आलं न्हाई, तुमी कामून आल्या. पोरगी म्हन्ली, मावशी, मला पुढचे सगळे सवाल येत होते. तिनं एवढंच म्हन्लं, अन् सुईत दोरा ओवला. मी एसटीत बसून लोह्यापर्यंत रडत आले, अन् मंग रडू थांबलं अन् राग आला, तो आजपर्यंत हाय.

गुत्तेदारानं आमची टोळी तोडली. बाकी घरांनी आमाला लई दिवस बोल लावला, बरोबर हाय त्यांचं, त्यांची काय चूक. हबीबचाचानं मला सोताचं जोड मारायचं जुनं मशीन दिलं, जाताना. म्हंजे वारले तवा न्हाई, त्याच्या आधीच बोलावून दिलं, म्हन्ले माझ्या पोरांना ह्यात रस न्हाई, तू खा ह्याच्यावर. त्याच्यावरच चाललंय. दवाखाने, पतसंस्था, साखर कारखाना, सगळ्यांना आता हीच लाईन पायजे, गावोगावची हापिसं एका छपराखाली पायजेत. अन् जळकोटची सडक तीन वर्सांनी खरंच खांदली, तवा आमाला बोलावलं, जोड मारायला न्हाई, खांदायला. मी गेले. पत्थर लई होता, ते मात्र गुत्तेदार खरं बोलला होता. नळी खाली गेलेली मपल्या डोळ्यांनी बघितली, तवा मी वर आले.

तबस्सुम तिकडंच कॉलेजात शिकली, बी. एस्सी. झाली, आता देगलूरला एका शाळंत गनित शिकवती. ईदला फोन करती. डॉक्टर झाली असती का, मला ठावं न्हाई. तिला बी न्हाई. त्याचीच तर चीड येती, की कोनालाच कधी कळनार न्हाई.

परवाची गोष्ट सांगते अन् थांबते. नांदेडच्या एका मोठ्या हापिसानं बोलावलं, दोन रेघा काढलेला नकाशा टेबलावर, तिथला मॅनेजर म्हन्ला हा मेन मार्ग, हा पर्यायी. मी विचारलं, दुसरा खांदला कोनी. तो म्हन्ला ते रिपोर्टात हाय. मी म्हन्लं तुमी बघितला का. म्हन्ला बाई, तुमी जोड मारा, बाकीचं आमी बघतो. मी मशीन पेटीत ठिवलं, पेटी उचलली अन् घरी आले. दिगंबर म्हन्ला, लवकर आलीस. सांगितलं त्याला. तो म्हन्ला, बरं केलंस, अन् चुलीकडं गेला, च्या ठिवला.

लोक म्हनतात आता सोडून दे सुमन, एवढी वर्सं झाली, कोनाचं वाईट चिंतू ने. खोटं कामून बोलू, मी चिंतते. लेकरांचं भलं होवो, त्या टेलरचं होवो, दिगंबरचं होवो, तुमी एवढं बसून ऐकलं, तुमचं होवो. त्यांचं न्हाई म्हननार मी. घ्या, च्या थंड होऊन राहिला.